वसंतात वर्ध्याच्या डोंगरात पायी फिरायचंय? आधी हे जंगल या दिवसांत कसं असतं ते समजून घ्या

फेब्रुवारी संपत आला की मोबाईलवर ट्रेकचे रील्स वाढतात. धुकं, हिरवीगार दरी आणि कड्यावर उभं राहून काढलेला फोटो. ते बघून नागपूर-वर्ध्याकडची पोरंही ठरवतात, या रविवारी आपणही निघायचं. नकाशा उघडला की वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला हिरवा पट्टा दिसतो. मध्ये बोर धरणाचं निळं पाणी. गाडी काढायची, सावलीसावलीनं डोंगर चढायचा, वर बसून डबा खायचा आणि दिवस मावळायला परत यायचं, असा बेत ठरतो.

आणि तिथं पोचल्यावर कळतं की डोंगरावर सावलीच नाही.

साग उघडाबोडका उभा असतो. पायाखाली पानांचा थर, पाऊल टाकलं की करकर आवाज. मध्येच एखादा पळस असा पेटलेला की लांबून खरंच आग लागल्यासारखं वाटावं. नाल्यात पाण्याचा थेंब नाही. नवख्या माणसाला वाटतं, जंगल वाळलं की काय?

तर तसं नाही. विदर्भातल्या जंगलाचा वसंत हा असाच असतो. वर्षभरात हे जंगल सगळ्यात जास्त बघण्यासारखं याच दिवसांत असतं आणि याच दिवसांत ते सगळ्यात नाजूकही असतं. दोन्हीचं कारण एकच आहे. ते कारण समजलं की कुठं जायचं, किती वाजता जायचं आणि काय करायचं नाही, हे आपोआप कळतं.

मुळात वर्ध्यात डोंगर आहेत कुठं?

वर्धा म्हटलं की सेवाग्राम, पवनार, कापूस आणि सपाट काळी जमीन डोळ्यांसमोर येते. पण जिल्ह्याच्या उत्तरेकडचा भाग वेगळा आहे. सातपुड्याचे फाटे इथं खाली उतरतात. आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू या तालुक्यांत टेकड्या आणि पठारं आहेत. कारंजा तालुक्यातलं गरमसूर हे जिल्ह्यातल्या उंच ठिकाणांपैकी एक. नावात ‘गरम’ असलं तरी उंचीमुळं तिथं खालच्या मैदानापेक्षा हवा बरी असते. ढग्याच्या डोंगरात महाशिवरात्रीला यात्रा भरते. म्हणजे वसंताच्या तोंडावर या रानातून पायी जाण्याची रीत ट्रेकिंग हा शब्द इकडं येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

याच डोंगराळ भागात बोरचं जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातला हा ४७वा व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र साधारण १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांमध्ये त्याची गणती होते. वर्ध्याहून सेलू, हिंगणी करत गेलं की ३५-४० किलोमीटरवर बोरधरण येतं.

जंगल लहान असलं तरी जागा मोक्याची आहे. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला मेळघाट, खाली ताडोबा. या मोठ्या जंगलांमधून ये-जा करणाऱ्या वाघांच्या वाटेवर बोर येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

या डोंगरांचा खडक काळा बेसॉल्ट, म्हणजे दख्खनच्या पठाराचा लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून तो तयार झाला. उतारावरची माती बऱ्याच ठिकाणी पातळ आहे आणि पातळ माती पाणी फार काळ धरून ठेवत नाही. पावसाळ्याचं पाणी नाल्यांनी उतरून जातं. पुढचे सात-आठ महिने झाडांना जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच काढायचे असतात.

मग वसंतात झाडं पानं का गाळतात?

झाडाच्या पानाला बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. सागाचं पान तर ताटाएवढं मोठं. अशी हजारो पानं अंगावर ठेवून एप्रिल-मे काढायचा म्हणजे जमिनीत नसलेलं पाणी रोज उडवायचं. ते परवडणारं नसतं. म्हणून झाड खर्च बंद करतं.

पण पान असंच टाकून देत नाही. आधी पानातली नत्रासारखी उपयोगी द्रव्यं परत खोडात ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. त्या जागी जखम राहत नाही. थंडी संपता संपता साग, मोवई, सालई ही झाडं अशी एकेक करून रिकामी होतात. नाल्याच्या काठावरच्या अर्जुनाला, ज्याला विदर्भात कहू म्हणतात, मुळाशी ओल मिळते. तो जास्त दिवस हिरवा राहतो. त्यामुळं उंचावर उभं राहून बघितलं तर करड्या डोंगरात हिरव्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे नाले. पाणी कुठं आहे हे या दिवसांत झाडंच सांगतात.

प्राण्यांनाही हे माहीत असतं. पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणून चितळ, सांबर, रोही, रानडुकरं पाणवठ्याकडं येतात. त्यांच्या मागं बिबट आणि वाघ येतात. वर पानं नसल्यामुळं नजर लांबपर्यंत जाते. फेब्रुवारी ते मे या काळात सफारीला गर्दी असते ती याच कारणानं.

पानं नाहीत, मग फुलं कशी?

पळस, काटेसावर आणि पांगारा ही झाडं नेमकी पानं नसतानाच फुलतात. तिन्हींची फुलं लाल-केशरी, मोठी आणि रसानं भरलेली. ही जाहिरात पक्ष्यांसाठी असते. मैना, बुलबुल, शिंजीर, कावळे लांबून रंग बघून येतात, रस पितात आणि जाताना पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पानं असती तर हे फूल झाकलं गेलं असतं.

पळसाचं फूल हातात घेऊन बघा, पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली दिसेल. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नाही?’. होळीला याच फुलांचा रंग करतात आणि याच झाडाच्या पानांच्या पत्रावळी होतात.

दुसरं कारण पावसाचं. पळसाला मार्चमध्ये फूल आलं की शेंगा पिकून उन्हाळ्याच्या शेवटी गळतात. एका शेंगेत एक बी. चपटी शेंग वाऱ्यावर थोडी लांब जाऊन पडते आणि काही दिवसांतच पाऊस येतो. म्हणजे पेरणीची वेळ झाडानं बरोबर साधलेली असते. शेतकरी जून बघून पेरतो, पळस मार्चमध्येच तयारीला लागतो.

या दिवसांत कुसुमाच्या झाडाकडं लक्ष द्या. त्याला कोवळी पानं येतात ती लालभडक. लांबून फुलं वाटतात. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि लाल द्रव्य त्याला कडक उन्हापासून सांभाळतं, असं समजलं जातं. काही दिवसांनी तीच पानं हिरवी होतात. पाऊस यायला अजून वेळ असताना, भर उन्हात नवी पालवी फुटते. खोल गेलेली मुळं आणि खोडात जपून ठेवलेलं पाणी यांच्या जोरावर हे होतं.

जमिनीवर पडलेली फुलंही वाया जात नाहीत. गवत वाळलेलं असताना काटेसावरीची आणि मोहाची फुलं म्हणजे हरणांसाठी ओला चारा. वर वानरं फुलं तोडून खातात, निम्मी खाली पाडतात आणि झाडाखाली चितळं ती वेचत असतात. वानर वरून धोका बघून ओरडतं, त्याचा चितळांना फायदा होतो. असं झाड दिसलं तर लांब थांबून दहा मिनिटं बघा, दिवस वसूल होतो.

मोहाचं फूल आणि पहाटेची गर्दी

मार्चच्या मध्यापासून मोह फुलतो. त्याचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं येतात आणि पहाटे फुलाचा गोड, रसाळ भाग खाली गळतो. सकाळी झाडाखाली फिकट पिवळा सडा असतो. गोडसर, थोडा आंबूस वास लांबून येतो.

या सड्यासाठी जंगलाच्या कडेच्या गावांतली माणसं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघतात. फुलं वेचायची, वाळवायची आणि विकायची. शेतात काम नसलेल्या महिन्यांत हातात येणारा हा पैसा असतो. पुढं एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलालगतच्या घरांचा उन्हाळा यावर निघतो.

पण मोह माणसांनाच आवडतो असं नाही. अस्वलाला तो फार प्रिय. हरणंही येतात आणि हरणांच्या मागं वाघ येतो. म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात एकाच झाडाखाली माणूस, अस्वल, हरीण आणि वाघ यांचे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यात फुलं वेचणारा माणूस वाकलेला असतो, नजर जमिनीवर. वाकलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. दरवर्षी मार्च ते मे या काळात पूर्व विदर्भातून अशा हल्ल्यांच्या बातम्या येतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

आता कुणी म्हणेल, ते ताडोबाकडचं झालं, वर्ध्यात काय? तर बोर ज्या वाटेवर आहे ती आठवा. २०१७ साली ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक तरुण वाघीण बोरमध्ये सोडली गेली. ती बोरमध्ये थांबली नाही. पुढचे अडीच महिने ती शेकडो किलोमीटर चालत राहिली, आष्टी-कारंजाकडची शेतं आणि टेकड्या पालथ्या घातल्या. या काळात तिच्या हल्ल्यात माणसं गेली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं ती मेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोरचा ‘बाजीराव’ नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला.

अर्थ सरळ आहे. फाटकाच्या आत वाघ आणि बाहेर मोकळं रान, अशी विभागणी इथं नाही. नकाशावर जंगलाची हद्द जिथं संपते तिथं वाघ थांबत नाही. वर्ध्याच्या कुठल्याही जंगलाळ टेकडीवर जाताना हे गृहीत धरूनच निघायचं.

खरी भीती वणव्याची

वाघ दिसण्याची शक्यता कमी. वणव्याची शक्यता त्यापेक्षा बरीच जास्त. महाराष्ट्राचा वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. म्हणजे वसंतातली सगळी भटकंती नेमकी याच काळात येते.

पानगळीचा दुसरा अंक इथं सुरू होतो. झाडांनी पाणी वाचवायला टाकलेली पानं जमिनीवर वाळतात. सागाचं पान लवकर कुजत नाही. वर सावली नाही म्हणून ऊन थेट जमिनीवर पडतं आणि गवतही वाळलेलं असतं. अशा जमिनीवर एक जळतं थोटूक पुरतं.

इथल्या रानातली आग बहुतेक वेळा माणसामुळंच लागते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालची पानं पेटवतात आणि ती आग पसरते. तेंदूला नवी पानं जोमानं फुटावीत म्हणून आग लावतात. कुणी बिडी टाकतं, कुणी चहा करून चूल तशीच सोडून जातं. फिरायला आलेले लोक यात शेवटच्या दोन प्रकारांत मोडतात.

ही आग बहुतेक वेळा जमिनीवरून सरकते. मोठी झाडं काळी पडतात पण जगतात, त्यामुळं महिन्याभरानं बघणाऱ्याला वाटतं काही बिघडलं नाही. मात्र दोन-तीन वर्षांची रोपटी जळलेली असतात. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कासवं, सरडे, किडे आणि मातीवरचं कुजलेल्या पानांचं पांघरूण, सगळं गेलेलं असतं. पांघरूण गेलं की पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि माती धरणाकडं वाहून जाते.

म्हणून वन विभाग थंडीतच जाळरेषा काढतो. म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून ठेवायचे, जेणेकरून आग तिथं येऊन थांबावी. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या ठिकाणांचे संदेश वन कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर पाठवते. पण संदेश आला तरी विझवायला माणसानंच डोंगर चढावा लागतो. हातात झाडाची ओली फांदी, पाठीवर पानं उडवणारं यंत्र, आणि वर चाळीस अंश.

ट्रेकिंग करणाऱ्यांनी एक घटना विसरू नये. ११ मार्च २०१८, रविवार. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले गट उतरताना वणव्यात सापडले. गवत वाळलेलं होतं, वारा होता आणि अनेकांना कुठल्या दिशेला पळायचं तेच कळलं नाही. वीसहून जास्त माणसं गेली, त्यात बऱ्याच तरुण मुली होत्या. त्या वाटेची परवानगी त्यांच्याकडं नव्हती. म्हणजे ते तिथं आहेत हे वन विभागाच्या हिशोबातच नव्हतं. त्यानंतर तमिळनाडूनं ट्रेकिंगसाठी वेगळे नियम केले.

आग दिसली तर काय करायचं? पहिली गोष्ट, चढाकडं पळायचं नाही. आग चढावर जास्त वेगानं जाते, कारण ज्वाळा वरच्या वाळल्या पानांना आधीच तापवतात. उतार दहा अंशांनी वाढला तर आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. अरुंद, उभ्या नाल्यातही शिरायचं नाही, तो धुराड्यासारखं काम करतो. आगीच्या वाटेतून बाजूला सरकत खाली जायचं. उघडा खडक, डांबरी रस्ता, नांगरलेलं शेत, धरणाचा काठ किंवा आधीच जळून गार झालेली जागा गाठायची. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

मग पायी जाता येतं की नाही?

येतं, पण सगळीकडं नाही.

बोरच्या गाभा क्षेत्रात पायी फिरायला परवानगी नाही. तिथं फाटकावरून वाहन आणि सोबत गाईड घेऊनच जावं लागतं. बुकिंग वन विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात विनापरवाना शिरणं, प्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं आणि आग पेटवणं हे गुन्हे आहेत. ‘एक छोटी शेकोटी’ हा प्रकारही त्यातच येतो.

अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही मोकळं मैदान नसतं. तिथं १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. त्यातही आग लावणं आणि विनापरवाना शिरणं याला शिक्षा आहे. म्हणून कुठल्याही टेकडीवर जायच्या आधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारायचं. ‘पायी फिरायला चालतं का, कुठल्या वाटेनं, सोबत कोण येईल?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. बफरमधल्या गावातला वाटाड्या मिळाला तर सगळ्यात चांगलं. त्याला काल रात्री वाघ कुठं ओरडला ते माहीत असतं आणि त्याची मजुरीही गावात राहते.

ज्यांना जंगलाच्या परवानग्यांत पडायचं नाही त्यांच्यासाठी गिरड आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुस्लीम दोन्हीकडचे भाविक येतात, वाट रुळलेली आहे. टेकडीवर गोल दगडी गोटे सापडतात. बाबांची टर उडवणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी त्यांची गोष्ट सांगतात. पहिल्यांदाच चढणाऱ्यानं इथून सुरुवात करायला हरकत नाही.

वेळेचं गणित साडेतीन तासांचं

सह्याद्रीतला ट्रेक दिवसभर चालतो. वर्ध्यात मार्च-एप्रिलमध्ये तसं जमत नाही.

मार्चच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या आत उगवतो. उजाडायच्या आधीची वेळ जनावरांची आणि मोह वेचणाऱ्यांची. त्या वेळी अंधारात बॅटरी घेऊन जंगलात शिरायचं नाही. दुसऱ्या टोकाला ऊन. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो. झाडाला पान नाही, काळा खडक अकरापासून तापतो आणि खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. म्हणजे चालायला हातात उरतात सात ते साडेदहा, साडेतीन तास. चढायला दीड, थांबायला अर्धा, उतरायला दीड. यात जेवढा डोंगर बसतो तेवढाच आपला. माथा राहिला असला तरी नऊला परत फिरायचं.

ऊन लागणं म्हणजे नुसती तहान नव्हे. अंगाचं तापमान चाळीसच्या वर गेलं की माणूस बरळायला लागतो, पाय लटपटतात, कधी घाम येणंही थांबतं. अशा वेळी सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. म्हणून माणशी किमान तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं घेतल्याशिवाय निघू नये. ‘वाटेत नाला लागेल’ या भरवशावर तर मुळीच नाही. लागलं तरी ते पाणी जनावरांचं असतं, त्याच्या काठी थांबूही नये. तुम्ही तिथं बसलात तर तहानलेलं हरीण झाडीत उभं राहून वाट बघतं.

सोबत काय न्यायचं नाही आणि काय करायचं नाही?

काडेपेटी, लायटर, बिडी-सिगारेट गाडीतच ठेवा. चहा थर्मासमध्ये न्या.

दारू नेऊ नका. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळं जंगलाचा नियम बाजूला ठेवला तरी तो गुन्हाच.

अत्तर, परफ्यूम लावू नका. फुलांच्या हंगामात उंच झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर किंवा दगड यानं माशा उठतात. उठल्याच तर तोंड-मान झाकून सरळ लांब पळायचं, हातवारे करायचे नाहीत आणि पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी लगेच खरवडून काढायची.

स्पीकर लावू नका, पण अगदी मुक्यानंही चालू नका. हळू आवाजात बोलत, चार-पाच जणांनी एकत्र चाला. अस्वलाची नजर कमजोर असते. ते खाण्यात दंग असताना माणूस अचानक जवळ आला तर घाबरून हल्ला करतं. माणसं येत आहेत हे आधी कळलं तर बहुतेक वेळा जनावर स्वतःच बाजूला होतं. वाघ किंवा बिबट दिसला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, वाकायचं नाही. एकत्र उभं राहून हळूहळू मागं सरकायचं.

वाटेत मोह वेचणाऱ्या बायका भेटल्या तर न विचारता फोटो काढू नका. त्यांची सडा पडलेली जागा तुडवू नका, तो त्यांचा दिवसाचा रोज असतो. झाडाखाली धूर दिसला तर मात्र त्यांना विचारा आणि आग पसरताना दिसली तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. हा नंबर निघायच्या आधी सेव्ह करा, कारण डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. रेंज शेवटची कुठं होती तेही लक्षात ठेवत चाला.

आणि काय बघायचं?

माथ्याचा फोटो काढाच, पण चालताना जमिनीकडंही बघा. वाळल्या पानांच्या थरात कुठंतरी बोटभर उंचीचं रोपटं दिसेल. ऐन, धावडा, बिजा, साग, यांपैकी कशाचंही असू शकतं. मागच्या पावसाळ्यात ते उगवलं, थंडी काढली आणि आता पहिल्या उन्हाळ्यातून चाललं आहे. त्याला पुढच्या पावसापर्यंत पोचायचं असेल तर या तीन महिन्यांत तिथून एकदाही आग जाता कामा नये. दरवर्षी आग लागणाऱ्या जंगलात मोठी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्याखाली लहान झाडं नसतात. मोठी झाडं म्हातारी होऊन पडली की त्या जागी यायला कुणी उरत नाही.

एखादं जंगल पुढची पन्नास वर्षं टिकेल की नाही, हे वसंतात, पानं गळालेली असताना, असं खाली बघून कळतं. परत आल्यावर रील टाकाल तेव्हा पेटलेल्या पळसासोबत हे रोपटंही दाखवा, आणि सोबत १९२६ हा नंबर लिहा.